आला तो आकडा : बी.एस्सी. केमिस्ट्रीनंतरची दहा वर्षं

२०१४ साली शिवाजी विद्यापीठाचा निकाल लागला, मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालो आणि शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावात जो भेटेल तो विचारू लागला, "पंधरावी झाली, आता पुढं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कॉलेजात तीन वर्षांत आम्हाला दोनच वाटा ऐकू आल्या होत्या, एम.एस्सी. नाहीतर बी.एड. एम.एस्सी.च्या अनुदानित जागांच्या यादीत माझं नाव लागलं नाही. विनाअनुदानित जागेची फी घरच्या दोन एकर उसाला झेपणारी नव्हती. आण्णा म्हणाले, "कारखान्यात लॅबला माणसं घेत्यात म्हणं, जाऊन तरी ये."

अशी माझी पहिली नोकरी लागली. सहकारी साखर कारखान्यात हंगामी लॅब केमिस्ट, महिना साडेसात हजार. दिवाळी झाली, गव्हाणीत मोळी पडली आणि चोवीस तासांचं गाळप सुरू झालं. माझ्या वाट्याला बहुतेक वेळा रात्री आठ ते पहाटे चारची पाळी यायची.

साखर कारखान्याची लॅब म्हणजे काय, हे केमिस्ट्रीच्या मुलांना फारसं कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. गिरणीतून येणाऱ्या रसाचे नमुने तासातासाला येतात. पहिल्या गिरणीचा रस, मिश्र रस, शेवटच्या गिरणीचा रस. प्रत्येकाचा आधी ब्रिक्स घ्यायचा, म्हणजे रसात विरघळलेले एकूण घन पदार्थ किती ते स्पिंडलवर वाचायचं आणि तापमानाची दुरुस्ती करायची. मग रसात ड्राय लेड (गढूळपणा काढणारी शिशाची पूड) टाकून हलवायचं, गाळायचं, पहिले थेंब फेकून द्यायचे आणि स्वच्छ गाळलेला रस नळीत भरून पोलॅरिमीटरवर, म्हणजे प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या यंत्रावर, पोल काढायचा. पोल म्हणजे ढोबळमानानं त्यातली साखर. पोलला ब्रिक्सनं भागून शंभरनं गुणलं की प्युरिटी. याशिवाय बगॅस (रस काढून उरलेला चोयटा), प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ), सिरप (आटवलेला रस), ए-बी-सी मॅसिक्विट (साखरेचे दाणे आणि पाक यांचं दाट मिश्रण), शेवटचं मोलॅसिस (मळी). साखर कुठून कुठून निसटते आहे याचा पहारा म्हणजे ही लॅब. बगॅसमधून गेलेली साखर बॉयलरमध्ये जळते, प्रेसमडमधली खतात जाते, मोलॅसिसमधली डिस्टिलरीत.

कॉलेजात पोलॅरिमीटर मी एकदाच हाताळला होता, तोही चौघांत मिळून. इथं एका पाळीत चाळीस-पन्नास वेळा डोळा लावायचा. पंधरा दिवसांत हात असा बसला की रसाचा रंग बघूनच चुना कमी पडला की जास्त, याचा अंदाज यायला लागला. आणि तिथेच माझ्याकडून चूक झाली.

जानेवारीतली रात्र होती. बगॅसचा पोल काढायला वेळ लागतो. शंभर ग्रॅम बगॅस एक लिटर पाण्यात तासभर शिजवायचा, मग गाळून पोल घ्यायचा. दोन वाजताचा नमुना आला आणि मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा तीन वाजून गेले होते. बारा वाजताचा आकडा २.१ होता. मी दोनच्या रकान्यात २.१ लिहिलं आणि पुढचा नमुना लावला.

दुसऱ्या दिवशी चीफ केमिस्ट साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दोन वह्या उघड्या होत्या, एक आमची आणि एक मिल हाऊसची. मिल हाऊसच्या वहीत नोंद होती की इम्बिबिशनच्या पाण्याचा पंप रात्री १:२० ते २:४० बंद होता. शेवटच्या गिरणीआधी चोयट्यावर गरम पाणी मारतात ते इम्बिबिशन. त्यानंच उरलीसुरली साखर सुटून रसात येते. पाणीच नसेल तर बगॅसचा पोल २.१ राहणं शक्यच नव्हतं.

"दोनचा बगॅस कुणी केला?"

"मीच, साहेब."

"केलास की लिहिलास?"

मी मान खाली घातली. ते ओरडले नाहीत. कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "पोल तीनच्या आसपास गेला असणार. २.९ धर. आता हिशोब कर." कारखाना दिवसाला पाच हजार टनांचा, म्हणजे तासाला साधारण २०८ टन ऊस. त्यातला २८ टक्के बगॅस, म्हणजे ५८ टन. ०.८ टक्के जादा साखर. तासाला साडेचार क्विंटलच्या वर साखर बॉयलरमध्ये जळत होती आणि माझ्या वहीप्रमाणे सगळं सुरळीत होतं. "पंप बंद पडला हे आपल्याला लॅबनं सांगायचं असतं," ते म्हणाले, "मिल हाऊसच्या वहीनं लॅबला नव्हे."

त्या हंगामात उसाची एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, टनाला २,२०० रुपये होती, साडेनऊ टक्के उताऱ्याला. उतारा म्हणजे शंभर टन उसातून किती टन साखर निघाली ते. त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे २३ रुपये २० पैसे जास्त. आमच्या भागात उताऱ्यावर शेतकऱ्याची किती बारीक नजर असते ते मी घरात बघतच मोठा झालो होतो. आण्णा रोज विचारायचे, "आज उतारा किती?" त्या दिवशी त्यांनी विचारलं तेव्हा मला त्यांच्याकडे बघवलं नाही. 'केलास की लिहिलास' हा प्रश्न त्यानंतर माझ्या डोक्यातून गेला नाही. पुढं मी जिथं जिथं नोकरी केली तिथं तो बरोबर आला.

मार्चअखेर गाळप संपलं आणि नोकरीही संपली. कायम हंगामी कामगारांना बिगरहंगामात रिटेन्शन भत्ता मिळतो, नव्या पोराला नाही. मग सुरू झाल्या औषध कंपन्यांच्या रविवारच्या वॉक-इन मुलाखती. कुरकुंभ, लोटे परशुराम, तारापूर, गोव्यातलं वेर्णा. पदवीच्या झेरॉक्सचा गठ्ठा, दोन फोटो आणि इस्त्री केलेला एकच शर्ट. दीडशे-दोनशे पोरं रांगेत, घेणार आठ-दहा. त्याच काळात एका शहरातल्या क्लासवाल्यानं २५ हजारांत 'एचपीएलसी ट्रेनिंग आणि हमखास नोकरी' देतो म्हणून सांगितलं. आण्णा सोसायटीतून उचल घ्यायला तयार झाले होते. एचपीएलसी म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन. मी तिथं जाऊन ते बघायला मागितलं, तर ते दुरुस्तीला गेलं आहे असं उत्तर आलं. मी परत फिरलो. आज कुणी विचारलं तर मी हेच सांगतो, की पैसे भरायच्या आधी मशीन चालू स्थितीत बघा आणि त्यावर स्वतःच्या हातानं काम करायला मिळणार का ते विचारा.

मुलाखतींत बहुतेक ठिकाणी तेच ते प्रश्न यायचे. मोलॅरिटी आणि नॉर्मॅलिटीत फरक काय, बफर कसा काम करतो, दुर्बळ आम्लाच्या टायट्रेशनला फिनॉल्फ्थॅलिन का चालतं आणि मिथाइल ऑरेंज का नाही, बिअर-लँबर्ट नियम कुठल्या मर्यादेपर्यंत पाळला जातो. हे सगळं बारावी आणि एफ.वाय.चं. यात अडखळणारी पोरं नापास व्हायची, एचपीएलसी न पाहिलेली नव्हे. वेर्ण्याच्या मुलाखतीत मला विचारलं, "पोलॅरिमीटरवर काम केलंय म्हणता, दिवसाला किती नमुने?" मी सांगितलं. औषधांत कित्येक पदार्थांना स्पेसिफिक ऑप्टिकल रोटेशनची चाचणी असते. साखरेसाठी मी जे करत होतो तेच तत्त्व. आठवड्यानं फोन आला.

आजरा, आंबोली, सावंतवाडी करत एसटीनं गोव्यात उतरलो. झुआरीनगरला एका खोलीत आम्ही चौघं, दोघे बेळगावचे, एक गडहिंग्लजचा. गोळ्या बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलचा ट्रेनी, ११ हजार.

पहिले सहा महिने मशीनला हात लावायला मिळाला नाही. एसओपी (कामाच्या लेखी पद्धती) वाचायच्या, सह्या करायच्या, काचेची भांडी धुण्याची पद्धत शिकायची, बफर बनवायचे, मोबाइल फेज (एचपीएलसीतून वाहणारं द्रावण) ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून सोनिकेटरवर हवा काढायची. डिसोल्यूशनचं (गोळी विरघळण्याच्या चाचणीचं) पाणी ३७ अंशांवर आहे का ते बघत उभं राहायचं. बरोबरची दोन पोरं यालाच कंटाळून सोडून गेली. मला मात्र त्या सहा महिन्यांचा आजही उपयोग होतो. पिपेट तिरका धरला, मेनिस्कस डोळ्याच्या पातळीत नसला, की एचपीएलसी कितीही महागाची असो, आकडा चुकीचाच येणार.

दीड वर्षानं एका गोळीचा अ‍ॅसे, म्हणजे तिच्यात औषध किती आहे ते मोजणारी चाचणी, माझ्याकडे होता. मर्यादा ९५ ते १०५ टक्के. सिस्टिम सूटेबिलिटी (मशीन नीट चालतंय का याची तपासणी) नीट आली, स्टँडर्डच्या पाच इंजेक्शनांचं आरएसडी, म्हणजे आकड्यांतला आपसातला फरक, अर्ध्या टक्क्याच्या आत. नमुना लावला आणि ९२.६ आला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, सकाळी ट्रक निघायचा होता. शेजारचा मित्र मनानं चांगला, मला वाचवायलाच म्हणाला, "दुसऱ्या फ्लास्कमध्ये परत बनव, ट्रायल म्हणून मार. चांगला आला की तो लाव." मी पाच मिनिटं गप्प बसलो. मग वरिष्ठांना फोन केला आणि आऊट ऑफ स्पेसिफिकेशनचा (ओओएस, आकडा मर्यादेबाहेर गेल्याचा) फॉर्म भरला.

पहिल्यांदा ओओएस आला की नव्या पोराचे पाय लटपटतात. नंतर काय होतं ते कळलं तर भीती निम्मी कमी होते. वापरलेली सगळी द्रावणं जपून ठेवायची, काहीही ओतून द्यायचं नाही. वजनाच्या चिठ्ठ्या, भांड्यांचे नंबर, स्टँडर्डची तारीख, कॉलमचा इतिहास हे सगळं तपासलं जातं. मी तेच द्रावण पुन्हा मारलं, आकडा तोच. मग फ्लास्क उजेडात धरून पाहिला तर तळाशी बारीक कण दिसले. पद्धतीत ३० मिनिटं सोनिकेशन (पाण्याच्या बाथमध्ये ध्वनिलहरींनी हलवणं) लिहिलं होतं. मी वेळ लावली होती, पण मधे बाथमधलं पाणी खाली गेलं होतं आणि मी बघितलं नव्हतं. औषध गोळीतून पुरतं सुटलंच नव्हतं. मंजुरी घेऊन दुसऱ्या अ‍ॅनालिस्टनं नवा नमुना केला, ९९.१ आला. माझ्या फाइलला चूक लागली, पुन्हा प्रशिक्षण झालं, पगारवाढ सहा महिने पुढं गेली. दोन रात्री झोप नव्हती. पण काही महिन्यांनी ऑडिटला आलेल्या लोकांनी तेच प्रकरण उघडलं, मशीनच्या ऑडिट ट्रेलशी (मशीन स्वतः ठेवतं त्या नोंदीशी) ताडून पाहिलं आणि पान उलटलं. तिथं लपवलेलं एकही इंजेक्शन नव्हतं. चांगला आकडा येईपर्यंत परत परत चाचणी करत राहणं मान्य नाही, हे अमेरिकेतल्या बार लॅबोरेटरीजच्या खटल्यात १९९३ साली न्यायालयानं स्पष्ट केलं आणि पुढं जगभरच्या औषध लॅबांची शिस्त त्याभोवती घट्ट झाली. प्रशिक्षणात हे आधी ऐकलं होतं. त्या रात्रीनंतर मला ते खऱ्या अर्थानं समजलं.

या काळात एम.एस्सी.ची इच्छा मेली नव्हती. २०१७ च्या फेब्रुवारीत आयआयटीची जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा दिली. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. रात्रपाळीहून येऊन दोन तास अभ्यास करायचो. ऑरगॅनिक बरं जमलं, फिजिकल केमिस्ट्रीनं बुडवलं, कारण गणित मी पहिल्याच वर्षानंतर सोडलं होतं. क्वांटमची आणि थर्मोची गणितं कॅल्क्युलसशिवाय सुटत नाहीत. जागा मिळेल असा रँक आला नाही. बी.एस्सी.च्या पोरांना माझं कळकळीचं सांगणं आहे, गणित सोडू नका. नंतर ते परत धरणं फार जड जातं.

वर्गातले बाकीचे कुठं गेले हेही सांगतो, कारण तेव्हा मला हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. माझी एक वर्गमैत्रीण एम.एस्सी. ऑरगॅनिक करून नेट-जेआरएफ झाली आणि पुण्याला एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) पीएच.डी.ला लागली. तेव्हा फेलोशिप २५ हजार होती, आता ती ३७ हजार झाली आहे. पहिली दोन वर्षं एकाच रिअ‍ॅक्शनवर गेली, आणि दिवसाचा मोठा भाग कॉलम टाकण्यात, म्हणजे मिश्रणातून हवा तो पदार्थ वेगळा काढण्यात. ती खचली नाही, पण संशोधन म्हणजे रोज नवा शोध असं समजून तिच्याबरोबर आलेले दोघे सोडून गेले. एक मित्र न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत वैज्ञानिक सहायक झाला. पोलीस ज्याला सीए (केमिकल अ‍ॅनालायझर) रिपोर्ट म्हणतात तो तिथून निघतो. व्हिसेरा, दारूचे रक्तनमुने, जप्तीचा माल. त्याच्या आकड्यावर माणूस तुरुंगात जाऊ शकतो किंवा सुटू शकतो, आणि वेळ आली तर त्याला साक्षीलाही उभं राहावं लागतं. एकाला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या स्टायपेंडरी ट्रेनीसाठी अर्ज करायचा होता, पण ६० टक्क्यांची अट होती आणि त्याला ५८ होते. दुसरा अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या परीक्षेचा वर्षभर अभ्यास करत होता. फॉर्म भरताना कळलं की नियमात केमिस्ट्रीची पदव्युत्तर पदवी चालते, नुसती बी.एस्सी. केमिस्ट्री नाही. बायोकेमिस्ट्री किंवा मायक्रोबायोलॉजीच्या पदवीधराला मात्र तेच दार उघडं असतं. त्याचं ते वर्ष वाया गेलं याचं मला अजून वाईट वाटतं. अभ्यासाची पुस्तकं घेण्याआधी पात्रतेचा परिच्छेद वाचावा, इतकं साधं सांगणारं त्याला कुणी नव्हतं. आणखी एक जण लॅबची उपकरणं विकतो आणि आमच्यात सगळ्यात जास्त कमावतो. त्याला एचपीएलसी आतून-बाहेरून कळते, म्हणून गिऱ्हाईक त्याच्यावर विश्वास ठेवतं.

मला स्वतःला पुढं एफडीएची (अन्न व औषध प्रशासनाची) अप्रूव्ह्ड केमिस्ट म्हणून मान्यता मिळाली, केमिकल आणि इन्स्ट्रुमेंटल दोन्हीला. अनुभवाचे दाखले, कंपनीमार्फत अर्ज, मग तोंडी प्रश्न. औषधाच्या लॅबमध्ये या मान्यतेला फार किंमत आहे. जाहिरातीत 'एफडीए अप्रूव्ह्ड' असं वेगळं लिहिलेलं असतं आणि पगार तिथून पुढं खरा सरकतो. पदवीवर माणूस आत येतो, मान्यतेवर सही करतो. बी.एस्सी.वाल्याला फार्मात पुढं काही नाही असं म्हणणारे हे लक्षात घेत नाहीत, असं मला वाटतं.

मग मी गोवा का सोडला? २०२० च्या टाळेबंदीत औषध कंपन्या चालू होत्या, आम्ही पास घेऊन कामावर जायचो आणि घरी जाता येत नव्हतं. आण्णांचे गुडघे गेले होते, ऊस चुलतभाऊ बघत होता. त्याच वेळी आमच्या भागात कारखान्या-कारखान्यात इथेनॉलचे प्रकल्प उभे राहत होते. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर बी-हेवी मोलॅसिस (जास्त साखर उरलेली मळी) आणि थेट रसापासूनही इथेनॉल करायची वाट मोकळी झाली होती. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधला अल्कोहोल टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा केमिस्ट्रीच्या पदवीधरालाही करता येतो, हे मला एका जुन्या सहकाऱ्यानं सांगितलं. मी साठवलेले पैसे घेऊन तिथं गेलो. तिशीच्या उंबरठ्यावर परत विद्यार्थी होणं सोपं नव्हतं. खोलीतली बाकीची पोरं माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान होती.

२०२२ च्या हंगामापासून मी डिस्टिलरीत केमिस्ट आहे. गोव्यापेक्षा पगार थोडा कमी, घर अकरा किलोमीटरवर. आणि रोजच्या कामाच्या मध्यभागी काय आहे तर एस.वाय.ला केलेलं फेहलिंगचं टायट्रेशन. मोलॅसिसमधली किण्वनाला लागणारी साखर लेन-एनॉन पद्धतीनं काढायची. फेहलिंग उकळत ठेवायचं, ब्युरेटमधून साखरेचं द्रावण सोडायचं, शेवटाला मिथिलीन ब्ल्यू, निळा रंग जाऊन विटकरी लाल उरला की थांबायचं. उकळी मोडता कामा नये. कॉलेजात याला आम्ही वीस मार्कांचं प्रॅक्टिकल समजायचो. इथं सगळा हिशोब त्यावर उभा आहे. एक टन किण्वनक्षम साखरेपासून सिद्धांताप्रमाणे ६४४ लिटर अल्कोहोल निघायला हवं. प्रत्यक्षात किती निघालं आणि कमी निघालं तर यीस्ट दमलं, जंतुसंसर्ग झाला की फर्मेंटरचं तापमान चढलं, हे शोधायचं. शेवटी मॉलिक्युलर सिव्हमधून पाणी काढून ९९.५ टक्क्यांच्या वर शुद्धता न्यायची. तेव्हाच टँकर भरतो. पाणी मोजायला कार्ल फिशर टायट्रेशन. गोव्यात गोळीतला ओलावा मोजायचो, इथं इथेनॉलमधला.

या धंद्यात धोरणाचा वारा लागतो, हेही सांगितलं पाहिजे. ७ डिसेंबर २०२३ ला उसाचा रस आणि सिरप इथेनॉलला वापरायचा नाही असा केंद्राचा आदेश आला. आमचे फर्मेंटर सिरपवर चालवायचं ठरलं होतं. आठवडाभरात १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत सवलत मिळाली, पण तोवर सगळं वेळापत्रक बदललं होतं, सी-हेवी मोलॅसिसवर (कमी साखर उरलेल्या शेवटच्या मळीवर) सेटिंग नव्यानं बसवावं लागलं. पुढच्या वर्षी बंधनं उठली. औषधात अशी उलथापालथ मी पाहिली नव्हती. ज्याला स्थिर घड्याळ हवं त्यानं या वाटेला विचार करून यावं.

मागच्या हंगामात जयसिंगपूरची एक मुलगी ट्रेनी म्हणून आली, त्याच वर्षी बी.एस्सी. झालेली. फेहलिंगच्या टायट्रेशनला तिची पहिली रीडिंग २४.६, दुसरी २४.९. तिनं माझ्याकडे पाहिलं, पेन वहीवर तसंच थांबलेलं.

"सर, दोन्ही सारखी यायला पाहिजेत ना?"

"जवळ यायला पाहिजेत. तुझी दुसऱ्या वेळी उकळी मोडली होती का?"

"थोडी. ज्योत कमी झाली होती."

"मग २४.९ लिही, शेजारी उकळी मोडली असं लिही, आणि तिसरी कर."

तिनं लिहिलं, ब्युरेट पुन्हा भरला. तिसरी २४.६ आली. घरी गेलो तेव्हा आण्णा ओसरीवर बसले होते. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "आज उतारा किती?" उताऱ्याचा आकडा आता माझ्या लॅबमधून निघत नाही, पण साखरेच्या लॅबला फोन करून विचारला आणि त्यांना सांगितला.